तेजीचा लोड

बातमी आली तेव्हा मी धामणगावच्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांसाठी कांद्याची साल सोलत होते. फोन अकोल्याहून होता, इंगोले मॅडमच्या पुतणीचा, रेवतीचा. "आत्या गेली. दुपारी जेवून लोडाला टेकून वाचत होती... तशीच." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. काचपट्ट्यांवर सालीचे तुकडे पसरून झाले होते. साल वाळली की पेशी आक्रसतात आणि मग सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून काही धड दिसत नाही. तास अर्धवट टाकून मी उठले असते, तर ज्यांच्यासाठी उठले असते त्याच माझ्यावर रागावल्या असत्या. म्हणून मी आयोडीनचे थेंब टाकले, मुलांना एकेक करून भिंगापाशी बोलावलं, प्रत्येकाला केंद्रक दिसल्याची खात्री केली आणि मगच अकोल्याच्या गाडीची चौकशी केली. या गोष्टीला आता महिना होत आला. नलिनी इंगोले हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांनी सारी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात काढली. पण वऱ्हाडातल्या ज्या शाळेत आज एखादी शिक्षिका मुलाच्या चित्रावर लाल पेन्सिल टेकवून "हे तुला खरंच दिसलं का?" असं विचारते, तिथे मॅडम आहेत, असं मी खात्रीने सांगू शकते.

मी तिवशाजवळच्या गावातली. आमचा छोटा मळा, त्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या सुमारास झेंडू. बाबा तिवशाच्या बाजारात भाजी घेऊन बसत. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे मी अमरावतीला कॉलेजात निघाले तेव्हा तिथे नेमकं काय असतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. शाळा मराठी माध्यमाची. पेशीभित्तिका, तंतुकणिका, लयकारिका हे शब्द मला तोंडपाठ होते आणि कॉलेजात तेच सगळे इंग्रजी नावांनी समोर आले. पहिले काही आठवडे मला वाटायचं की ही कुठली तरी वेगळीच पेशी आहे. मॅडमनी एक दिवस वर्गात विचारलं, मराठीतून आलेले कोण कोण? आम्ही पाच-सहा जणांनी भीतभीत हात वर केले. त्या म्हणाल्या, तुम्हाला या सगळ्या गोष्टी आधीच येतात, फक्त त्यांची दुसरी नावं पाठ करायची राहिली आहेत. एवढ्या एका वाक्यावर मी पदवीपर्यंत पोचले, असं म्हटलं तर ते फारसं खोटं नाही.

पहिलं प्रात्यक्षिक कांद्याच्या सालीचं होतं. मी रात्रीच पुस्तकातली आकृती पाठ करून आले होते. भिंगात डोकावल्यासारखं केलं आणि वहीत एक देखणी पेशी काढली. बाहेर पेशीभित्तिका, आत प्रद्रव्यपटल, मधोमध केंद्रक, त्याला बिलगून आंतर्द्रव्यजालिका, बाजूला गॉल्गी संकुल, शेंगांसारख्या तंतुकणिका आणि शोभेसाठी पाच-सहा हिरवी लवके. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वर्गात त्या प्रमाण मराठीत बोलत, पण गंमत वाटली किंवा राग आला की घरची बोली यायची.

"कुंदा, कांद्यात हिरवं कुठं दिसलं तुले?"

"पुस्तकात आहे, मॅडम."

"मग भिंगाखाली पुस्तक ठेवू का?"

सगळा वर्ग हसला. त्यांनी लाल पेन्सिलीने माझी हिरवी लवके खोडली, तंतुकणिका खोडल्या, गॉल्गीही खोडलं. कागदावर भिंत, केंद्रक आणि मधली मोठी मोकळी जागा तेवढी उरली. मग त्यांनी मला पुन्हा भिंगापाशी बसवलं. बाकीचं सगळं त्या पेशीत आहे, नाही असं नाही, पण या भिंगातून ते दिसत नाही, म्हणून ते तू काढायचं नाहीस, असं समजावलं. जे आहे म्हणून आपल्याला माहीत आहे आणि जे आपण पाहिलं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या वहीत लिहायच्या. शेवटी म्हणाल्या, ती मोकळी जागाही मोकळी नाही. ती रिक्तिका आहे, पाण्याने भरलेली. भाजीवर पाणी शिंपडलं की बाबांचा सांबार पुन्हा ताठ होतो ना, तो तिच्या जोरावर. माझे बाबा भाजी विकतात हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं आणि भर वर्गात ते असं सांगितलं की मला त्याची लाज वाटायचं कारण उरलं नाही.

पेशीला कारखाना म्हणायची पद्धत त्यांना आवडत नसे. कारखान्याला मालक असतो, पेशीला कुणी मालक नसतो, असं त्या म्हणत. त्या कापसावरून शिकवायच्या. कपाशीचं फूल उमलतं त्याच सुमारास आतल्या कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात. एक पेशी म्हणजे एक तंतू. तिच्या शेजारणी कणाएवढ्याच राहतात आणि ही मात्र लांबत जाते, बोटाच्या पेरापेक्षाही लांब. तिच्या रिक्तिकेत पाणी भरतं, ते आतून रेटा देतं आणि भिंत ताणली जाते. केंद्रकातून सूचना निघतात, त्या वाचून रायबोसोम प्रथिनं बनवतात. आंतर्द्रव्यजालिका ती पुढे पोचवते, गॉल्गी त्यांची पुडकी बांधून पटलाकडे रवाना करतं, तंतुकणिका या सगळ्याला ऊर्जा पुरवतात. लांबी पुरी झाली की पेशी आतल्या बाजूने भिंतीला थर देऊ लागते, सेल्युलोजचे थरावर थर. बोंड फुटतं, ऊन लागतं, आतलं पाणी वाळतं, पेशी मरते. गोल नळी चपटी होते आणि पीळ खाते. त्या पिळामुळे एक तंतू दुसऱ्याला धरतो, म्हणून सूत निघतं. "तुमच्या अंगावर आहे ते काय आहे?" त्या विचारायच्या आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, "पेशीनं जिवंत असताना बांधलेली भिंत. बांधणारी गेली, बांधलेलं उरलं." मी हे वाक्य तेव्हा परीक्षेसाठी लिहून घेतलं होतं.

कापूस हा त्यांच्या घरचाच विषय. इंगोल्यांची शेती बाळापूर तालुक्यात, काळ्या जमिनीची, आणि घर अकोल्यात. त्या घराचा अभिमान म्हणजे एक लोड. अठराशे साठच्या दशकात अमेरिकेत आपसांत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. अमरावतीच्या बाजाराच्या वाटेवर गाड्यांची रांग हटत नसे म्हणतात. त्या काळाला इंगोल्यांच्या घरात नुसतं 'तेजी' म्हणत. लोडात भरलेला कापूस त्या तेजीतला, अशी घरातली समजूत. खोळ किती वेळा बदलली असेल, पण आतला कापूस तोच. त्या लोडाला फक्त नवरदेवाने टेकायचं. घरच्या माणसांनी, लेकीसुनांनी नाही. मॅडमचे थोरले भाऊ, दादा, पाहुण्यांना शिवणीतून चिमूटभर कापूस ओढून दाखवत. "पाहा, रेशीम हाय रेशीम. असा कापूस आता पिकत नाई." लोड आकाराच्या मानाने हलका होता, तेही दादांच्या मते जुन्या वाणाचंच लक्षण होतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना दादांच्या मुलीचं, रेवतीचं, लग्न ठरलं. लोडाची खोळ बदलायला काढली तेव्हा मॅडमनी त्यातला थोडा कापूस काचेच्या बाटलीत घालून वर्गासाठी आणला. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या. एका काचपट्टीवर आजचा कापूस, दुसरीवर तेजीचा. त्यांनी आधीच सांगून टाकलं की दोन्हींत पिळाची फीत दिसेल, पण तेजीची जास्त नाजूक असेल. आम्ही पाळीपाळीने पाहिलं आणि चित्रं काढली. पहिल्या पट्टीवर पीळ होता, अगदी त्यांनी सांगितला तसा. दुसरीवर मला पीळ सापडेना. मी पट्टी सरकवली, पुन्हा पाहिलं. सरळ, गुळगुळीत, पातळ भिंतीच्या नळ्या होत्या आणि नळीच्या आत जागोजागी काळसर काठाचे बुडबुडे. बुडबुडा काढायचा नाही, तो पेशीचा भाग नसतो, काच ठेवताना आपल्या हातून राहिलेली हवा असते, हे मॅडमनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं. पण हे बुडबुडे भिंतींच्या बाहेर नव्हते, आत होते. शेजारच्या मुलीने पीळ काढला होता, तिच्या पलीकडच्या मुलानेही. मला माझी हिरवी लवके आठवली. मी सरळ नळी काढली, बुडबुडेही काढले आणि घाबरत वही पुढे केली.

मॅडमनी लाल पेन्सिल उचलली. ती कागदाला टेकायच्या आधी थांबली. त्या उठून भिंगापाशी गेल्या, खूप वेळ तिथेच वाकून उभ्या राहिल्या. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या की कुंदाने काढलं ते बरोबर आहे, मी सांगितलं ते चूक, आणि बाकी सगळ्यांनी माझं ऐकून चित्र काढलं आहे. "ही सावर आहे," त्या म्हणाल्या. काटेसावरीची म्हातारी उडते ना, तो कापूस. तोही एकेका पेशीचाच तंतू, पण तो सरकीच्या सालीवर येत नाही, फळाच्या आतल्या भिंतीवर येतो. त्याची भिंत पातळ, पोट हवेने भरलेलं. तो पीळ खात नाही, म्हणून त्याचं सूत निघत नाही. मेळघाटातून तो सगळीकडे यायचा, उशांत भरायला. मग जरा हसून म्हणाल्या, लोड इतका हलका कसा, हे हाताला केव्हाच कळलं होतं, कानांवरच्या गोष्टीने कळू दिलं नाही.

वर्गापुरतं ते तिथे संपलं, पण त्यांच्यापुरतं नाही. लग्न पंधरवड्यावर आलं होतं. मांडवात जावई त्या लोडाला टेकणार आणि दादा तेजीची गोष्ट सांगणार, हे ठरलेलं. हेच दादा मॅडमच्या शिक्षणासाठी वडिलांशी वर्षभर बोलले नव्हते. मॅडमनी लग्न केलं नाही तेव्हाही भावकीला त्यांनीच गप्प बसवलं होतं. त्या भावाचा अभिमान ऐन लग्नाच्या तोंडावर मोडायचा की आपण पाहिलेलं पोटात ठेवायचं... मला वाटतं, मॅडमच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड परीक्षा ती होती. त्यांनी स्वतःचं भिंग लाकडी पेटीत घातलं, मला म्हणाल्या, चल, आधी तुला दिसलं आहे, आणि आम्ही अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या पेटी मांडीवर धरून बसल्या होत्या.

दादांना आधी हसूच आलं. "तू पोरायले शिकव, नलू. कापूस मले नको शिकवू." मग बहिणीचा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं. "लगन तोंडावर आलं. जावई लोडाले टेकन, पाहुने इचारतीन. मी काय सांगू, सावर भरली म्हनून?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाई सांगायचं तर नको सांगू, दादा. पण दिसलं ते नाई दिसलं असं मले म्हनता येत नाई. माह्या वर्गातल्या पोरीले दिसलं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते. मॅडमनी खिडकीत भिंग मांडलं, एका पट्टीवर दादांच्याच शेतातला कापूस ठेवला, दुसरीवर लोडातला, आणि बाजूला झाल्या. दादा आले नाहीत. कोठ्याकडे ढोरं पाहायला निघून गेले. रात्री जेवण वाढता वाढता मॅडमच्या वहिनी म्हणाल्या, "इतके वरसं सावरीनं यांचे जावई सांभाळले, आता काय ते घसरून पडून राह्यले?" मॅडमनी भिंग पेटीत परत ठेवलं नाही. ते रात्रभर खिडकीत तसंच होतं.

सकाळी मी चहा घ्यायला आले तर दादा खिडकीशी वाकलेले. एक डोळा मिटून, पट्टी बोटाने सरकवत, एकदा ही, एकदा ती. कापसाच्या माणसाला पीळ कळायला किती वेळ लागणार? ते सरळ झाले आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, "नलू, आबा काय सांगत आठवते का? तेजीत घरात गादी नव्हती, सारे चटईवर निजत."

"आठवते की. आपण हसायचो."

आबा म्हणजे त्या दोघांचे आजोबा. त्यांनी ते त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. मोठी माणसं पैसा आला तरी कशी साधी राहत, याचं उदाहरण म्हणून ती गोष्ट घरात सांगितली जाई.

"कावून नव्हती गादी?" दादा म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता बोलत राहिले. "इकली. गाद्या उसवल्या, उशा उसवल्या, सारा कापूस गाडीत घातला. लोडातलाबी काढला. मंग पाहुन्याले टेकाले काई तं पाह्यजे, म्हनून सावर भरली. तिचं सूत निघत नाई, तिले कोन घेते?" मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते मी विसरणार नाही. "ज्याच्या लोडात कापूस राह्यला, नलू, त्यानं तेजी पाह्यलीच नाई."

मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी तोंडावर हात धरला. तरी त्या म्हणाल्याच, "दादा, हे मात्र भिंगातून दिसत नाही. तर्क आहे हा. दिसली फक्त सावर."

"तू दिसलेलं सांग," दादा म्हणाले. "बाकीचं मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. रेवतीच्या लग्नात मी आई-बाबांसोबत गेले होते. जावई टेकला, आणि दादांनी नवी गोष्ट सांगितली, जुनीपेक्षा दुप्पट आवाजात, आणि शेवटी मांडवाच्या पलीकडून मॅडमना हाक मारून बोलावलं. हे शोधलं कुणी? आमच्या नलूनं. मॅडमनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं आणि सारा मांडव माझ्या बाबांकडे वळून पाहू लागला. बाजारात कुणी भाव विचारला तर बाबा जसं उत्तर द्यायचे तसं त्यांनी थोडक्यात म्हटलं, "हो, माही पोरगी." त्यानंतर गंमत झाली. इंगोल्यांचे भाऊबंद आपापल्या जुन्या लोडांतला, उशांतला चिमूटभर कापूस कागदात बांधून मॅडमकडे आणू लागले. ज्याच्यात सावर निघे तो ताठ मानेने परत जाई. ज्याच्यात खरा कापूस निघे तो जरा पडल्या चेहऱ्याने विचारे, पुन्हा एकदा पाहता का?

मी पुढे शिक्षिका झाले, धामणगावला लागले. दर उन्हाळ्यात मॅडमना भेटायला जायचे, आधी अमरावतीला, निवृत्तीनंतर अकोल्याला. त्यांना भेटायला जाताना मला कधी भीती वाटली नाही, कारण त्यांनी आम्हाला चुकायची भीतीच ठेवली नव्हती. पुस्तकात दरवर्षी पेशीबद्दल काही नवं येई, एखाद्या भागाचं जास्तीचं काम उघडकीला येई, आणि त्या आधी वाचून मला फोनवर सांगत. अकोल्याच्या घरात एक बदल झाला होता. नवरदेवासाठीच राखलेला तो लोड आता दिवाणावर असे आणि दुपारी मॅडम त्याला टेकून वाचत. नियम दादांनीच मोडला होता. ज्यानं ओळखलं त्यानं टेकावं, असं ते म्हणाले होते म्हणे.

फोन आला त्या दिवशी मी अकोल्याला पोचले तोवर सगळं आटपलं होतं. दादा आता फार थकले आहेत, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. ते दिवाणावर बसले होते, लोडाला न टेकता, त्याच्या शेजारी. भेटायला आलेल्यांपैकी कुणी तरी, बोलायला काही सुचेना म्हणून असेल, विचारलं की हा तोच का तुमचा जुन्या कापसाचा लोड? दादांचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "कापूस? यात बोंडभरबी कापूस नाई. माह्या बहिनीनं पाह्यलं हाये." मला वाटलं, मॅडमबद्दल याहून नेमकं कुणालाच बोलता येणार नाही.

लोक पांगले. मी उठायला लागले तशी दादांनी माझा हात धरून मला दिवाणावर बसवलं. मी कडेला अंग चोरून बसले. इतक्या वर्षांत मी त्या लोडाला हात लावला होता, त्यातली पेशी भिंगातून पाहिली होती, पण टेकले कधीच नव्हते. मधोमध एक खोलगट जागा पडली होती, एका माणसाच्या पाठीएवढी.

"टेक," दादा म्हणाले. "आधी तुलेच दिसलं होतं."

मी टेकले. लोड हलकेच दबला आणि तिथेच थांबला.